पिवळी वायर पुरे

“पांढरी-लाल वायर लावायची नाही. पिवळी पुरे. आणि का, ते विचारायचं नाही.”

या घरात आल्या आल्या मला ऐकू आलेलं हे पहिलं फर्मान. ते मला उद्देशून नव्हतं, मला कोण काय सांगतंय! ते छोटीला सांगितलं होतं. पण लागू झालं मला.

मी एक कॅप्चर कार्ड बोलतेय. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा, एका टोकाला पत्रा आणि पत्र्यावर तीन भोकं. पिवळ्या भोकातून चित्र आत येतं, पांढऱ्या आणि लाल भोकातून आवाज. व्हीसीआरमध्ये कॅसेट फिरते, तिच्यातलं चित्र आणि आवाज वायरींमधून माझ्याकडे येतात, मी त्यांचे आकडे करते आणि कॉम्प्युटरच्या हवाली करते. मग कॅसेटला बुरशी लागो की तिची फीत तुटो, आतली माणसं वाचतात.

थोडक्यात, पिवळं भोक म्हणजे माझा डोळा. पांढरं आणि लाल म्हणजे माझे दोन कान.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि हातात पातळ मोजे होते, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने मला वायरी जोडल्या, हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्यावर ‘पास’चा कागद चिकटवला. मला आजही वाटतं, तिने माझे डोळे घाईघाईत तपासले, पण कान मात्र मन लावून.

तिथून खोक्यात, खोक्यातून एका दुकानाच्या फळीवर. तिथे मी किती पडून राहिले कोण जाणे. धूळ पुसणाऱ्या फडक्याखेरीज कुणी विचारायला आलं नाही. आणि एके दिवशी छोटी आली.

छोटी हे तिचं घरातलं नाव. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली तरी छोटीच. तिच्या घरचा फोटो आणि व्हिडिओ स्टुडिओ होता, आणि कपाटभर जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या होत्या. दुकानदाराने तिच्यापुढे तीन वस्तू मांडल्या. एक बोटाएवढी, शेपटीवाली, बाहेरून खुपसायची. दुसरी चकचकीत डब्यातली, रिमोटवाली. तिसरी मी.

“ही घ्या,” बोटाएवढीवर बोट ठेवून तो म्हणाला. “सगळे हीच नेतात.”

“सगळे काय नेतात ते नाही विचारलं. तासभर रेकॉर्डिंग केलं की आवाज मागे पडतो का, ते सांगा.”

“थोडाफार पडतो. तासभर बसून बघतंय कोण?”

“मी.”

आणि तिने पिशवीतून कॅसेट काढली. तिच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाची. दुकानात टीव्ही दुरुस्तीही चालायची, त्यामुळे व्हीसीआर होता. दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण गिऱ्हाईक उठायचं नाव घेईना.

बोटाएवढीने पहिली काही मिनिटं बरी काढली. शेवटाला मात्र मुख्याध्यापिकाबाई तोंड मिटून खुर्चीवर बसल्या तरी त्यांचं भाषण चालूच.

“काही बाईंचं असतं तसं,” दुकानदार म्हणाला.

“काही दुकानदारांचंही असतं. पुढची लावा.”

चकचकीत डबीने रंग झकास दाखवले, पण फीत जिथे चुरगळलेली होती तिथे तिने निळा पडदा टाकला आणि संप पुकारला. तिला जुनं चालत नव्हतं, सगळं नवंकोरं हवं होतं. मग माझी पाळी आली. चुरगळलेल्या जागी माझंही चित्र थरथरलं, पण मी थांबले नाही. आणि तासाच्या शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा तळवा तळव्याला भिडला त्याच क्षणी आवाज आला. छोटी पडद्याला नाक लावून बघत होती.

“ही घेते,” ती म्हणाली. “हिचे कान चांगले आहेत.”

फळीवरचा सगळा काळ मी त्या एका वाक्यात विसरले. मला कुणी स्वस्त म्हणून घेतलं नव्हतं, सगळे नेतात म्हणून घेतलं नव्हतं. माझ्या कानांसाठी मला निवडलं होतं.

म्हणून तर पुढचं जिव्हारी लागलं.

स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेच्या घराचा तळमजला. पुढे गिऱ्हाइकांचा कट्टा, मागे पडदे लावलेली खोली, तिच्यात कॉम्प्युटर. वरच्या मजल्यावर घर. कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं, त्यामुळे खोलीत काय चाललंय ते मला दिसायचं आणि ऐकूही यायचं. कॅसेटच्या आतलं मात्र त्या दोन कानांशिवाय ऐकण्याची सोय नव्हती.

मला खाचेत बसवत असताना छोटीचे काका येऊन उभे राहिले. स्टुडिओचे मालक ते. बाहेरच्या पाटीवर त्यांचं नाव, भिंतीवर त्यांचेच सत्काराचे फोटो.

“किती चॅनल दिसतात यावर?”

“काका, टीव्ही बघायला नाही आणलंय हे.”

“मग टीव्ही कार्ड कशाला म्हणतात त्याला? असो.” त्यांनी वायरी हातात घेतल्या, पिवळी वेगळी केली आणि पांढरी-लाल गुंडाळून खणात टाकली. मग ते वाक्य म्हणाले.

“अहो, पण आवाजासाठीच तर हे घेतलं मी! तास घालवला दुकानात.”

“तास घालवायला तुला कुणी सांगितलं होतं? जुन्या कॅसेटमध्ये खरखर असते. भांड्यांचे आवाज, पोरांची रडारड. गिऱ्हाइकाला ते नको असतं. चित्र घ्यायचं, वर संगीत चढवायचं. तुझ्या जन्माच्या आधीपासून आपण असंच करत आलोय.”

“म्हणजे ते बरोबरच असणार.”

“वकीलबाई, काम करा.”

आणि त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून माझ्या दोन्ही कानांवर दाबून बसवला. अंगठ्याने, नीट, कडा सुटणार नाहीत असा.

मला वाटलं होतं, छोटी ती पट्टी तिथल्या तिथे ओरबाडून काढेल. जिने दुकानदाराला घाम फोडला ती काकांना सोडते की काय! तिने नुसते ओठ आवळले आणि कॅसेट आत सरकवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं, आणि तेही तिच्याकडून.

तिच्या गप्प बसण्याचं कारण मला नंतर कळलं. तिला काकांकडून एक गोष्ट हवी होती: कॅमेरा. लग्नाच्या, समारंभाच्या शूटिंगला स्वतः जायचं होतं. कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्याने टिपलेलं कापत-चिकटवत राहायचं नव्हतं. स्टुडिओचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता. छायाचित्रकारांची संघटना काकांचा सत्कार करणार होती आणि त्या दिवशी दाखवायला अर्ध्या तासाची फिल्म हवी होती, स्टुडिओच्या पहिल्या दिवसांपासूनची. काका आता थकले होते. त्याच कार्यक्रमात पुढे कॅमेरा कोण धरणार ते जाहीर करणार होते. छोटीला वाटत होतं, फिल्म चांगली केली तर आपलं नाव घेतील.

एकदा तिने सरळच विचारलं. काका आणि बाबा, म्हणजे तिचे वडील, कट्ट्यावर चहा घेत होते.

“काका, पुढच्या महिन्यातल्या लग्नाला मी जाऊ शूटिंगला?”

“त्यासाठी माणूस बघतोय मी. कोर्स केलेला आहे.”

“मी पण शिकलेय की कॉलेजात.”

“शिकलीस ग. पण आपल्या घरातल्या बाईने कधी कॅमेरा उचललेला नाही. खांद्याला झेपत नाही ते.”

“आताचा कॅमेरा माझ्या कॉलेजच्या बॅगेपेक्षा हलका आहे!”

“झेपणं म्हणजे नुसतं वजन नसतं. विचार तुझ्या बाबांना.”

बाबांनी बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घालत राहिले. तो चहा काही केल्या निवेना. तेवढ्यात आई कपबश्या न्यायला खाली आली. छोटीने तिच्याकडे पाहिलं. आई म्हणाली, “काका सांगतात ते बरोबर आहे. बाईचं काम नाही ते.” आणि कपबश्या उचलून जिना चढून गेली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असायचा. जिना चढताना तो आणखी उतरायचा. लहानपणी पडले होते, असं ती सांगायची.

मी रोज काम करत राहिले. पिवळ्या वायरीतून माणसं यायची. हसायची, भांडायची, भाषणं ठोकायची, कुणाच्या गळ्यात पडून रडायची, आणि सगळं मुक्यानेच. वर कुठलीतरी सतार चढायची. रडणाऱ्यालाही तीच, जेवणाऱ्यालाही तीच.

व्हीसीआर माझ्या शेजारच्या फळीवर होता. वयाने माझ्या आजोबांचा. मी त्याला विचारलं, “आजोबा, कॅसेटमध्ये आवाज आहे का हो?”

“आहे की. सगळा आहे.”

“काय आहे?”

“वायर नाही ना? मग विषय नाही. जे मागतील ते द्यावं आणि गप फिरावं. इतकी वर्षं टिकलोय तो उगाच नाही.”

त्याचा मला असा राग आला म्हणून सांगू! पण मीही काय वेगळं करत होते? एका कॅसेटमध्ये भिंतीवर सावली पडली होती, कॅमेरा धरणाऱ्याची. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, आणि पाठीवर लांब वेणी. मला ती स्पष्ट दिसली. मी तिचे आकडे केले आणि पुढे दिले. छोटीलाही दिसली असती, पण काका मागेच उभे होते. “सावली आली की तो तुकडा कापायचा,” ते म्हणाले. “चूक असते ती शूटिंगची.” तिने कापला.

मग एके दिवशी सकाळी एक बाई आल्या. केस पांढरे, हातात कॅसेट, बरोबर कुणी नाही. हे कुटुंब पूर्वी ज्या गावात राहत होतं, त्या गावच्या. छोटी दोन वर्षांची असताना ही सगळी मंडळी तिथून इथे आली. बाई पत्ता शोधत शोधत आल्या होत्या.

“माझ्या मुलीच्या लग्नाची कॅसेट तुम्हीच केली होती,” त्या काकांना म्हणाल्या. “यात सगळे आहेत, पण वर संगीत आहे. आमचे हे गेल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज कुठेच नाही हो माझ्याकडे. मूळच्या कॅसेटमध्ये असेल ना?”

काकांनी खेदाने मान हलवली. “मूळच्या कॅसेट ठेवत नाही आम्ही. केव्हाच गेल्या.”

बाईंनी कॅसेटवरून एकदा हात फिरवला. मग कॅसेट पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद ओढला आणि निघाल्या.

छोटी मागच्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं. तिच्या पाठीमागच्या कपाटात मूळच्या कॅसेटच होत्या, ओळीने, कॅमेऱ्यातून निघाल्या तशाच. त्यांच्यावरूनच तर ती फिल्म करत होती. ती मागच्या दाराने धावत जाऊन बाईंना रस्त्यात गाठून आली. मला तिचे शब्द ऐकू आले नाहीत, पण परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

त्या दुपारी काका आणि बाबा कार्यक्रमाचा हॉल बघायला गेले. छोटीने त्या लग्नाची कॅसेट शोधून काढली. खणातली वायर उलगडली. मग कॅबिनेटमागे वाकून माझ्या कानांवरची पट्टी नखाने उचकटायला लागली. डिंक वाळून घट्ट बसला होता. तिचं नख मोडलं. “मर मेले,” ती पट्टीला म्हणाली, आणि पट्टी निघाली.

पांढरी आत गेली. लाल आत गेली. व्हीसीआर आजोबा कुरकुरत फिरू लागले.

आधी खरखर आली. मग माणसांचा गलका, आणि त्या गलक्यातून, सगळ्यांच्या पुढून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एका बाईचा ठणठणीत आवाज:

“भाऊजी, लाइट वर धरा. अहो वर! नवरीच्या नाकावर काय मारताय? अस्सं. आता कोणी बोलू नका हं. सुरू!”

गलका थांबला. चित्र जराही थरथरलं नाही. नवरीच्या चेहऱ्यावरून ते अलगद तिच्या आईकडे गेलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथेच थांबलं.

छोटीने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. “भाऊजी, लाइट वर धरा.” मग काकांचा आवाज, तरुण, कुरकुरता: “वहिनी, हात भरून आले माझे.” आणि बाबांचा: “अगं, मी धरतो कॅमेरा थोडा वेळ. खांदा जाईल तुझा.” आणि पुन्हा तीच: “नको. तुमचा हात हलतो.”

छोटी हसली. मग हसणं अर्ध्यावर सोडून ती एकेक कॅसेट आत सरकवू लागली. दुसरी. तिसरी. सगळ्यांत तोच आवाज. भिंतीवर फ्रेम करून लावलेला पहिला सत्कार ज्या फिल्मसाठी झाला होता, त्या फिल्मच्या मूळ कॅसेटमध्येही तोच. काका लाइट धरत होते.

मी हे सगळं पुढे देत होते आणि आतून जळत होते. इतके दिवस याच कॅसेट माझ्यातून गेल्या होत्या. ही बाई माझ्यातून गेली होती, मुकी होऊन. तिची सावली मी स्वतः कापायला दिली होती. मी आजोबांना म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं.” ते नुसते फिरत राहिले.

“आई!” छोटी जिन्याखालून ओरडली. “आई, खाली ये!”

आई हात पुसत आली. दारातच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि पदर हातात तसाच राहिला.

“बंद कर ते.”

“हा तुझा आवाज आहे.”

“बंद कर म्हणते ना. भाऊजी येतील.”

“येऊ देत. आई, हे सगळं तू केलंयस? सगळं?”

आई स्टुलावर बसली. पडद्याकडे बघायचं टाळत होती, पण डोळे तिकडेच जात होते. “फार बडबडायचे मी तेव्हा,” ती म्हणाली.

“मग झालं काय?”

“तू झालीस. दिवस राहिले तेव्हा कॅमेरा खाली ठेवला. मग इकडे आलो. नवीन गाव, नवीन माणसं. भाऊजी म्हणाले, बाई कॅमेरा घेऊन आली की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग कामाकडे. आधी जम बसू दे. तोवर मी शिकून घेतो.”

“आणि मग?”

“मग काय. मग जम बसला.”

छोटीने भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, “आणि बाबा?”

“ते कधी कुणाला नाही म्हणालेत?”

“ते जाऊ दे. काकांचं मी समजू शकते. बाबांचंही समजू शकते. पण तू? मी कॅमेरा मागितला तेव्हा तू म्हणालीस, बाईचं काम नाही. माझ्या तोंडावर!”

“माझा खांदा गेला ग त्यात. रात्र रात्र झोप नाही लागायची. तुझा जाऊ नये म्हणून...”

“मग म्हणायचं होतंस ना, खांदा जाईल म्हणून! ते मी ऐकलं असतं. तू सांगितलंस, लहानपणी पडले. तू सांगितलंस, बाईचं काम नाही. मी मान खाली घालून परत खुर्चीवर जाऊन बसले, आई. तू बघत होतीस.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पडद्यावर मात्र तिचा आवाज अजून हुकूम सोडत होता: “आजोबा, इकडे बघा. माझ्याकडे नाही, नातीकडे.” स्टुलावरची आई आणि पडद्यावरची आई, या दोघी एकाच घरात इतकी वर्षं राहत होत्या आणि एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. काका बँकेत जातात ती वेळ छोटीने दिली होती. तिने त्यांना माझ्यासमोर बसवलं. पडद्यावर लग्नाचा मांडव, खुर्च्या, आणि एक उंच गृहस्थ खिसे चाचपत होते. “अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?”

“डोक्यावर आहे तुमच्या,” बाई पडद्याला म्हणाल्या. पटकन, रोजच्यासारखं. आणि मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

आई चहा घेऊन आली होती. बाईंनी डोळे पुसून वर पाहिलं आणि बघतच राहिल्या. “अगंबाई, तूच ना ती? माझ्या दिरांना ओरडली होतीस, मधे येऊ नका म्हणून! अजून करतेस ना शूटिंग?”

आईने कप खाली ठेवला. “नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय अशी, “पण करायचे.” तिच्या तोंडून ते दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. छोटीनेही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण माझे दिवस फार उरलेले नाहीत. नवीन कॉम्प्युटरांमध्ये माझी खाचच नसते. व्हीसीआर आजोबांचा पट्टा सैल झालाय, मधेच श्वास घेतात. कपाटातल्या कॅसेट संपल्या की आम्ही दोघं एकाच खोक्यात जाऊ. त्याचं दुःख नाही, कामाला आलेली वस्तू कामावरून जातेच. दुःख याचं आहे की जिला कानांसाठी निवडलं, तिच्याकडून इतके दिवस मुक्या माणसांची फिल्म करून घेतली, आणि मीही ती केली. तुमच्या घरी कपाटात अशा कॅसेट असतील तर माझ्यासारखी एखादी आणा, पण तिन्ही वायरी लावा. खरखर असू द्या. भांडी वाजू द्या. कॅमेऱ्यामागे कोण बोलतंय, तेवढं ऐका.

आणि आता आज संध्याकाळचं सांगते.

फिल्म घरच्यांना दाखवायची होती. स्टुडिओतले पडदे ओढले, खुर्च्या मांडल्या. काका पुढे मधोमध बसले, बाबा त्यांच्या बाजूला, काकू बशीत सुपारी कातरत. आई दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर. छोटीने फिल्म लावली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

नवरीचा चेहरा. खरखर. “भाऊजी, लाइट वर धरा. अहो वर! नवरीच्या नाकावर काय मारताय?”

काकूंना फस्सकन हसू आलं. सुपारी खाली सांडली. “बाई बाई! असाच धरायचात तुम्ही लाइट, अजून आठवतंय मला!” मग काकांचं तोंड बघून त्यांनी ओठ मिटले.

काकांनी उठून फिल्म थांबवली. “संगीत कुठाय?”

“नाही लावलं.”

“पट्टी कुणी काढली?”

“मी. नख मोडलं.”

“तुला सांगितलं होतं ना...”

“सांगितलं होतंत, का ते विचारायचं नाही. नाही विचारलं. ऐकलं.”

“हे बघ,” काकांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही हो तो. “इतकी वर्षं मी उभा राहिलोय लोकांच्या मांडवांत. पाय सुजेपर्यंत. ते तुला दिसत नाही?”

“दिसतं, काका. त्या वर्षांचा सत्कार घ्या, टाळ्या वाजवायला मी सगळ्यात पुढे बसेन. पण ही सुरुवात तुमची नाही. ही आईची आहे. तिच्यावर सतार चढवणार नाही मी.”

“उद्या संघटनेची माणसं फिल्म न्यायला येणार आहेत. पहिली दहा मिनिटं मुकी कर आणि संगीत घाल. मग कॅमेऱ्याचं बघू आपण. तुला हवाय ना? देईन. पुढच्या लग्नाला तूच जा.”

खोलीत सगळे छोटीकडे बघायला लागले. इतके दिवस ओठ आवळून तिने जे मागितलं होतं, ते समोर होतं. हात पुढे केला की मिळालं असतं.

“नाही,” छोटी म्हणाली.

“छोटे,” बाबा पहिल्यांदाच बोलले, “घरातली गोष्ट आहे. घरात मिटवू.”

“घरातच तर मिटवलीत, बाबा! इतकी की आईलाही ती आठवेना. जम बसू दे म्हणाले होते ना तिला? मलाही तेच सांगताय. आज गप्प बस, उद्या देऊ. नकोय मला. असा कॅमेरा नकोय.”

“मोठ्यांच्या तोंडाला लागतेस?” काका ओरडले. “कोण शिकवतं तुला हे?” बाबा म्हणाले, “अगं, ऐक तरी.” काकू म्हणाल्या, “पोरीची जात, जरा दमाने घ्यावं.” तिघं एकदम बोलत होते, एकमेकांच्या शब्दांवर शब्द चढवत होते. छोटीने हात पुढे करून थांबवलेली फिल्म पुन्हा सुरू केली. फीत उतरवताना नव्हता इतका मोठा आवाज तिने ठेवला.

दाराशी आई सरळ उभी राहिली होती. दोन्ही खांदे एका रेषेत.

आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला, तरुण, ठणठणीत, कुणाचं काही चालू न देणारा:

“आता कोणी बोलू नका हं. सुरू!”

काकांचं तोंड उघडंच राहिलं. बाबांनी मान खाली घातली. काकूंच्या हातातला अडकित्ता थांबला. कुणी बोललं नाही.